इब्राहिमभाईंचे खाने

आमचे दिघीचे शेजारी इब्राहिमभाई ताटावर बसले, की आधी विचारतात, "हे कुठल्या खान्यात?" भात-आमटी मेजर, तळलेली मांदेली मायनर, लोणचं ओपन इलेक्टिव्ह. गेल्या ईदला आमच्या हिने उकडीचे मोदक पाठवले, तर भांडं परत करताना म्हणाले, "वहिनी, चार क्रेडिट."

याचं मूळ म्हणजे त्यांची मुलगी सना. ती खाडीपलीकडच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते. भाई अठरा वर्षं आखातात एसी दुरुस्त करत होते. सना बारावी झाली त्या वर्षी ते कायमचे घरी आले, आणि आल्या आल्या पदवीच्या नियमांचा कागद त्यांनी पाठ केला. पदवीला एकशे बत्तीस क्रेडिट लागतात. त्यांत मेजर म्हणजे मुख्य विषयाच्या खान्यात किती, मायनर म्हणजे दुय्यम विषयाच्या खान्यात किती, बाहेरचे विषय किती, हे प्राध्यापकांना बघून सांगावं लागतं. भाईंना नाही लागत.

सनाने घरी लंबकाचा प्रयोग केला तेव्हा भाईंनी पडवीच्या वाशाला कुलूप टांगलं. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पूर्णांक आठच्या आसपास यायला हवं, ते अकरा आलं. भाईंनी खाडीवरच्या वाऱ्याला दोष दिला. मी दार लावून, घड्याळ लावून वीस हेलकावे मोजले. नऊ पूर्णांक सात आलं. मग त्यांनी मला मायनरमध्ये घेतलं.

अशा माणसाकडून चूक झाली. शेवटच्या सत्रात सनाला दोन क्रेडिटचा एक विषय सायन्सच्या बाहेरचा घ्यायचा होता. भाईंनी यादी वाचली आणि 'समुद्राची ओळख' यावर बोट ठेवलं. सना म्हणाली, हे सायन्स असेल. भाई हसले होते. "दर्या काय सायन्स हाय? दर्या तर आपला रोजचा."

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसने कळवलं, की दर्या सायन्सच आहे. विषय बदलला नाही तर दोन क्रेडिट कमी, म्हणजे या वर्षी पदवी नाही. भाई दोन दिवस कशालाही खाना देईनात. ताटात येईल ते खात.

शेवटी कॉलेजने 'व्यावहारिक मराठी' घ्यायला परवानगी दिली, पण हजेरी पंचाहत्तर टक्के हवीच. तास एकूण तीस. सात होऊन गेलेले. मी कागदावर मांडलं. उरलेले तेवीस सगळे भरले तर शहात्तर पूर्णांक सदुसष्ट टक्के. एक जरी बुडाला तरी त्र्याहत्तर, म्हणजे गेलं.

"म्हणजे एकपण न्हाय?" भाईंनी विचारलं.

"एकपण नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाई सनाबरोबर फेरीबोटीने आगरदांड्याला आणि तिथून एसटीने कॉलेजात जाऊ लागले. कारण विचारलं तर म्हणत, बोट बंद पडली तर कोणीतरी होडीवाला गाठायला नको? बोट एकदाच बंद पडली. त्या दिवशी त्यांनी खरोखरच होडी गाठली, आणि सना ओल्या सलवारीने अर्जलेखनाच्या तासाला बसली. एरवी ते वर्गाबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत. शिपाई त्यांना 'सर' म्हणू लागला.

त्या तेवीसांतल्या शेवटच्या तासाला मीही गेलो. माझं गणित बरोबर येतंय का, ते मला बघायचं होतं. बाकावर बसल्या बसल्या भाई हळूच म्हणाले, "म्हात्रेशेठ, एक हिशोब करा. अठरा वर्षं मी तिकडं. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. सनाच्या लहानपणाला माझी हजेरी किती झाली?"

दोनशे सोळा महिन्यांतले अठरा. मी खिशातलं पेन काढलंच नाही. मनातल्या मनात आलेलं उत्तर होतं आठ पूर्णांक तेहतीस.

"एवढ्यावर परीक्षेला बसू देत न्हाईत," तेच म्हणाले.

तास सुटला होता. सना आमच्या मागे कधी येऊन उभी राहिली, ते कळलं नाही. तिने बाकावरची त्यांची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"अब्बा, या सत्रात तुमचे तेवीसपैकी तेवीस."

भाईंनी डब्याचं झाकण काढून पुन्हा घट्ट बसवलं. मग त्यांनी विचारलं, "हे कुठल्या खान्यात?"

"मेजर," सना म्हणाली. "चला, बोट सुटेल."