सुहासचा इकारस

सुहास दातार आमच्याकडे चहाला आला की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतो. चारही पाय. मग स्वतः बसतो आणि आम्हाला आमच्याच घरात बसायची परवानगी देतो. आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या नव्या घरांच्या बांधकामांवर तो सेफ्टी ऑफिसर आहे. "आधी चेक, मग स्टेप," हे त्याचं पालुपद. माझी बायको एकदा स्टुलावर चढून आकाशकंदील लावत होती, तर हा कुंपणापलीकडून ओरडला आणि स्वतःची शिडी घेऊन आला.

अशा माणसाने चित्रं काढावीत! तीही गॅरेजमध्ये, गाडी बाहेर उन्हात तापत ठेवून. लायब्ररीतल्या पुस्तकात त्याला कुणा जुन्या रोमँटिक चित्रकाराचं चित्र सापडलं. ग्रीक पुराणातली गोष्ट. कड्यावर बाप आपल्या मुलाला, इकारसला, मेणाने जोडलेले पंख बांधतोय, वर रसरशीत सूर्य. दोघंही उडतात, पण पोरगं सूर्याजवळ जातं, मेण वितळतं आणि ते समुद्रात पडतं. सुहासने याची नक्कल करायला घेतली आणि इकारसच्या जागी काढली आपली सई. सई त्याची एकुलती एक. ती निघाली होती अॅडलेडला, तिथल्या मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत पायलट व्हायला. चित्र तिलाच द्यायचं होतं.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाबा रे, पोर निघताना असलं अशुभ कशाला?

"पोराची चूक नाही, डिझाइनची आहे," तो म्हणाला. "मी दुरुस्त करतो."

आणि खरंच, कामावरून आला की हा गॅरेजमध्ये. मेण गेलं, बकलं आली. खांद्याचा पट्टा सातदा पुसून पुन्हा काढला. सूर्यावर भलामोठा ढग आणून बसवला. सई हसून म्हणायची, "डॅड, इट्स जस्ट अ स्टोरी." पण जाऊ नको असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याची बायको वारल्यापासून घरात ही दोघंच, तरी तिचा फॉर्म यानेच बसून भरला होता.

निघायच्या सकाळी सामान गाडीत गेलं, चित्र मात्र स्टँडवरच. मी बघायला गेलो. सगळं चोख होतं, फक्त कड्यावरचा बाप नुसताच उभा.

"अरे, तुझे पंख राहिले," मी म्हणालो.

सुहासने ब्रश पुसला. "राहिले नाहीत. काढलेच नाहीत. दोघंही उडालो, तर तिनं उतरायचं कुणाकडे?"

सई दारातच उभी होती. ती गाडीकडे न जाता आत आली आणि त्याच्या खांद्याला टेकून चित्र बघत राहिली. मी घरी आलो, आणि बायकोला हे सांगताना मला रडू आलं.