राणीचं बाळंतपण

मुंग्यांच्या विषयात अख्ख्या चाकण पट्ट्यात आपला हात धरणारा कुणी नाही, याबद्दल दिग्विजयला तिळमात्र शंका नव्हती. हे सगळं ज्ञान त्यानं कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर कमावलं होतं! सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला पंख गाळलेली एक राणी मुंगी सापडली. ती त्यानं काचेच्या नळीत घातली, तोंडाला कापूस लावला आणि नळी कपाटात बनियनांखाली, अंधारात ठेवली.

"घरात एक जरी मुंगी मोकळी दिसली, तर नळीही बाहेर आणि तुमचा छंदही बाहेर!" बायकोनं, निशिगंधानं बजावलं.

"दिसेल कशी? राणी आता काही खातसुद्धा नाही. पंखांचे स्नायू अंगातच जिरवते, त्यावर अंडी घालते, पहिल्या लेकी एकटी वाढवते!"

"आन् हिचा नवरा?" आईनं, इंदुताईंनी विचारलं.

"लगीन लागलं की मरतो."

"आगं बया! एकटी बाळंतीण, आन् तू तिला उपाशी ठिवलीस व्हय?"

"आई, हात लावायचा नाही! विज्ञान आहे ते!"

महिनाभरानं एके दिवशी तो शिफ्टवरून आला, तर कपाटाच्या फटीशी मुंग्यांची रांग! लेकी आल्या! आनंदाच्या भरात त्यानं कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, 'बाप झालो!' फोटो टाकायचं भानच राहिलं नाही. लगेच सुपरवायझर सोपानरावांचा फोन. "भावा, वहिनींनी पत्ताच लागू दिला नाही राव! निघालोच आम्ही!"

काय झालं ते उमगून दिग्विजयनं खुलासा करेपर्यंत फोन कट! त्यानं निदान लेकींचं तोंड बघावं म्हणून कपाट उघडलं. रांग बाहेर येत नव्हती, ओट्यामागून आत चालली होती. कापूस गायब, नळीत डिंकाच्या लाडवाचा तुकडा, आणि स्वयंपाकघरातल्या लाल मुंग्या लाडवासकट राणीची अंडी पळवत होत्या! राणी जीव मुठीत धरून बनियनच्या घडीत बसली होती. दिग्विजयला खरोखर रडू आलं.

"बाळंतिणीला डिंकाचा लाडू नगं व्हय?" इंदुताई कळवळल्या. "जीव घुसमटंल म्हून बोळा बी काढला. मला काय ठावं, ह्या भवान्या येतील!" त्यांनी राणीला अलगद उचलून तुळशीच्या कुंडीत सोडलं. निशिगंधानं नळी कचऱ्यात टाकली.

तेवढ्यात बेल वाजली. इंदुताईंनी दार उघडलं. दारात सोपानराव, हातात झबलं-टोपडं!

"बाळ कुठंय?"

"चोरीला गेलं," इंदुताई म्हणाल्या.

"अरे देवा! आणि बाळंतीण?"

"तुळशीत हाय."

सोपानरावांचा चेहरा पांढराफटक पडला. तोच आतून निशिगंधा आली, तसं त्यांनी चाचरत विचारलं, "वहिनी, आणि बाप?"

"बाप लग्न लागलं की मरतो, भाऊजी," निशिगंधा शांतपणे म्हणाली. "आमचे तेवढे चुकून राहिलेत."