लागलेलं आणि लावलेलं

पूर्वी टीव्हीवर कार्यक्रम लागत असे. आता तो लावावा लागतो. फरक एका अक्षराचा आहे, पण त्या एका अक्षरानं एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या घराची जी दैना केली, तिची ही हकिगत.

हे गृहस्थ प्रसारण केंद्रात कार्यक्रम-नियोजन अधिकारी होते. कोणता कार्यक्रम कोणत्या वारी आणि किती वाजता दाखवायचा, हे त्यांनी उभी हयात ठरवलं. त्यांची सही झाल्याशिवाय शहरात संध्याकाळी कोणाला हसता येत नसे, की रडता येत नसे. सांडपाण्याच्या निचऱ्यावरचा परिसंवाद बरोबर सिनेमाच्या आधी ठेवायचा, म्हणजे सिनेमाची सुरुवात चुकू नये म्हणून लोक तो मुकाट्यानं बघतात, ही युक्ती त्यांचीच. साहजिकच लोक त्यांना शिव्या घालत. रस्त्यात अडवून विचारत, "काय हो, काल काय रटाळ लावलं होतंत?" त्यावर ते म्हणत, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." ती कुठे नोंदवली जाते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ प्रेक्षकही निवृत्त झाले. गच्चीवरचे अँटेना उतरले, कबुतरांची बसायची सोय गेली आणि मुलानं घरात इंटरनेटवर चालणारा भिंतभर टीव्ही आणला. आता कोणाची दादागिरी नाही, जे हवं ते, हवं तेव्हा बघायचं, असं त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. दादागिरी करणारे म्हणजे आपणच, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं; पण मुलाच्या घरी चहा चांगला मिळत असल्यानं त्यांनी या विषयावर मत राखून ठेवलं.

पहिल्या संध्याकाळी सगळं कुटुंब सोफ्यावर दाटीवाटीनं बसलं. अधिकाऱ्यांच्या पत्नीला काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. सूनबाईंना काहीही चालणार होतं, फक्त त्यात सासू नको होती. नातीची अट अशी, की मोठ्यांना आवडेल असं काही लावू नये. मुलगा रिमोट घेऊन चित्रांमागून चित्रं सरकवत राहिला. हे नको, ते पाहिलंय, याला फार भाग आहेत, त्यात कुत्रा मरतो. जेवण गार झालं. शेवटी सगळ्याची सुरुवात बघून आणि कशाचाही शेवट न बघता मंडळी झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुलानं धीर करून एक सिनेमा लावला आणि तो वाईट निघाला. आता वाईट सिनेमे या घरानं कमी पाहिले नव्हते. पण पूर्वी सिनेमा वाईट निघाला, की सगळं घर एकदिलानं केंद्राचा उद्धार करी आणि त्या ऐक्यात सासू-सुनेचं भांडणसुद्धा विरघळून जाई. या वेळी मात्र सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तूच लावलास ना?" सूनबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मुलानं रिमोटला हात लावणं सोडलं. तो लावेना, म्हणून कोणीच लावेना. टीपॉयवर मेलेली पाल पडावी तसा रिमोट पडून राहिला. मुलगा एका खोलीत मोबाइल घेऊन बसला, सून दुसऱ्या, नात गॅलरीत. जो तो आपापल्या कानात बोळे घालून आपापलं बघू लागला. भिंतभर टीव्हीसमोर उरले दोघं म्हातारे, आणि त्याच्या काळ्या काचेत त्यांना एकमेकांची तोंडं दिसत.

पत्नीनं उभा जन्म संध्याकाळ नवऱ्याविना काढली होती. सगळं शहर घरी बसून जे बघे, ते दाखवायला नवरा केंद्रात असे. आता तो शेजारी बसला होता, तर बघायला काही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही ठरवा ना. गावाचं ठरवलंत, घराचं ठरवायला काय झालं?"

अधिकाऱ्यांनी त्याच क्षणी उठून इस्त्रीचा शर्ट घातला.

सकाळी फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक झळकलं. खाली सूचना होती: सदर कार्यक्रमांत ऐनवेळी बदल केला जाणार नाही, टीव्ही मध्येच थांबवण्याची मुभा केवळ तांत्रिक कारणास्तव मिळेल, तहान हे तांत्रिक कारण नव्हे. मुलानं कपाळाला हात लावला, नातीनं हा अन्याय असल्याचं जाहीर केलं. मात्र संध्याकाळी ठरल्या वेळी दोघंही सोफ्यावर हजर होते. कार्यक्रम सुमार होता. सगळ्यांनी मिळून अधिकाऱ्यांना यथेच्छ नावं ठेवली आणि कित्येक दिवसांनी घर गरम जेवलं. सूनबाईंनी सासूबाईंना वाढताना "अजून घ्या" म्हटलं. शिव्या खाऊन अधिकाऱ्यांच्या गालांवर पुन्हा मांस चढू लागलं.

ही बातमी जिन्यानं खाली गेली. तळमजल्यावरचा शिंपी येऊन म्हणाला, की त्याच्याही घरी हाच घोळ आहे, तर वेळापत्रकाची नक्कल मिळाली तर बरं. मग वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. बघता बघता इमारतीतला प्रत्येक फ्रिज अधिकाऱ्यांच्या अमलाखाली आला. सगळी घरं एकाच वेळी एकच गोष्ट लावू लागली, सगळ्या खिडक्यांतून एकदम हशा फुटू लागला, आणि "काल बघितलंत का?" हा नामशेष झालेला प्रश्न जिन्यात पुन्हा ऐकू येऊ लागला.

पण एकदा व्यवस्था म्हटली, की तिला पाय फुटतात. शिंप्यानं विनंती केली, की दोन कार्यक्रमांच्या मध्ये त्याला थोडा वेळ द्यावा. तो मंजूर झाला. त्या वेळात सर्वांनी टीव्ही थांबवायचे आणि शिंप्यानं इमारतीच्या चौकात उभं राहून पँटी कमरेत सैल करून मिळतील, असं ओरडायचं. यावर दंतवैद्यांनी समान संधी मागितली. त्यांचा पेशा प्रतिष्ठित असल्यामुळे ते स्वतः ओरडले नाहीत. त्यांच्या पत्नीनं ओरडावं, असं ठरलं. मग जाहिराती फार होतात, अशी तक्रार आली. तीही शिंप्याकडून.

त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षकांनी एका मालिकेचा शेवटचा भाग आधीच बघून टाकला आणि खून कोणी केला ते जिन्यात सांगितलं. इमारत हादरली. तातडीची सभा भरली. टीव्ही माझा, इंटरनेट माझं, डोळे माझे, असा शिक्षकांनी बचाव केला.

"हा स्वैराचार आहे," दंतवैद्य म्हणाले. "उद्या कोणीही उठेल आणि काहीही बघेल."

मुदतपूर्व प्रेक्षणाचा आरोप सिद्ध झाला. शिक्षा म्हणून त्यांनी सांडपाण्याचा एक माहितीपट सर्वांसमक्ष, पुढे न ढकलता, पूर्ण बघावा, असा ठराव झाला. तो त्यांनी बघितला. त्यांना तो आवडला, ही गोष्ट वेगळी.

इकडे कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीला वेगळाच संशय आला. एका इमारतीतली सगळी घरं एकाच क्षणी एकच गोष्ट लावतात, शेवटपर्यंत बघतात आणि एकदमच बंद करतात. हे तिच्या हिशेबात बसेना. एके संध्याकाळी सगळ्यांच्या पडद्यावर मजकूर आला, की आपलं वर्तन माणसासारखं वाटत नसल्यामुळे सेवा स्थगित करण्यात येत आहे. इमारतीत हाहाकार माजला. लोकांना पुन्हा आपापल्या घरच्यांशी बोलावं लागलं, त्यातून दोन घरांत भांडणं झाली आणि एका घरात गाणं.

चौकशीसाठी कंपनीची एक अधिकारी बाई आली. बोलायला नम्र आणि ऐकायला तयार. फ्रिजवरचा कागद तिनं पुराणवस्तू न्याहाळावी तसा न्याहाळला. कंपनीकडे हजारो कार्यक्रम होते, माणसं ते सरकवत बसत आणि कंटाळून निघून जात. इथे मात्र लोक शेवटच्या नावांपर्यंत बसून राहत होते. तिला ते उमगेना.

"पण लोकांना निवड नको असते का?" तिनं विचारलं.

"हवी असते की," अधिकारी म्हणाले. "करायची नसते. केली, की चुकल्यावर शिव्या कोणाला घालणार?"

बाईनं ते वाक्य टिपून घेतलं. मग तिनं आभार मानले, सगळ्यांची सेवा सुरू करून दिली आणि गेली.

पुढे कंपनीनं नवी सुविधा आणली. तिचं नाव 'सहज'. एक बटण दाबायचं, की काहीतरी लागे. ते बदलता येत नसे, थांबवता येत नसे, पुढे ढकलता येत नसे, आणि मधूनमधून जाहिराती येत. निवडीच्या जाचातून मुक्ती, असं तिचं वर्णन होतं आणि या मुक्तीला जादा आकार होता. लोकांची झुंबड उडाली. इमारतीतल्या फ्रिजांवरून कागद गळून पडले. शिंपी मात्र भला माणूस, तो सांगायला आला.

"साहेब, तुमचं काही वाईट नव्हतं," तो म्हणाला. "पण ते फुकट होतं."

अधिकारी हबकले. दोन-चार दिवस त्यांनी जेवणाकडे पाठ फिरवली, आपली कल्पना चोरली गेली असं ते फ्रिजला सांगत राहिले. मुलानं तक्रार करा म्हटलं, तर ते म्हणाले, की तक्रारींचं काय होतं ते मला शिकवू नकोस. शेवटी पत्नीनंच ते 'सहज' घेतलं, आणि त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं.

पडदा उजळला. पत्नीनं सवयीनं विचारलं, "आता काय लागणार आहे?"

"माहीत नाही," अधिकारी म्हणाले.

मग ते दचकले. पुढे काय लागणार हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. सगळं शहर ज्या उत्सुकतेनं बसायचं, ती त्यांना कधी मिळाली नव्हती. त्यांना सगळं आठवडाभर आधीच ठाऊक असायचं. ते पुन्हा म्हणाले, "माहीत नाही गं," आणि पाय वर घेऊन ऐसपैस बसले.

लागलं ते अत्यंत भिकार होतं. अधिकाऱ्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं, दर जाहिरातीला कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मुलगा, सून, नात यांना हाका मारून त्या शिव्यांत सामील करून घेतलं. घर त्या दिवशी भरल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न उरतो वाचकांचा. ही गोष्ट त्यांना रटाळ वाटली असेल, तर ती आपण स्वतः निवडून वाचली, असं चुकूनही कबूल करू नये. कोणीतरी माथी मारली, असं घरी सांगावं. फार मोकळं वाटतं. पान उलटायला हात आपलेच होते, हे तेवढं सांगायचं राहून गेलं तरी हरकत नाही.