पहिल्या फेरीतले पालक

एका जंगलात पालक फार माजला होता.

भाजीतला नव्हे, बाळांनो. घरोघरी असतो तो. मुलाच्या मागे उभा राहून "सरळ बस" म्हणतो तो.

या जंगलाच्या मधोमध एक टेकडी होती. टेकडीवर वनराज्य विद्यापीठ होतं. ते सरकारी होतं, म्हणजे सगळ्या जंगलाचं होतं. म्हणून त्यात कुणालाच प्रवेश मिळत नसे. बाहेर राहिलेल्यांची रांग जितकी लांब तितकं विद्यापीठ मोठं, असं जाणते प्राणी सांगत, आणि आपल्या पिल्लांना त्या रांगेत उभं करत.

पूर्वी प्रवेशाचा निकाल उन्हाळ्यात लागे. पालक सगळा हिवाळा काळजी करत आणि उन्हाळ्यात मोकळे होत. मग विद्यापीठाने लवकरची फेरी काढली. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी आधी अर्ज करावा, उरलेल्यांनी नंतर. आता जंगलात धीर होता कुणाला? सगळ्यांनीच आधी अर्ज केले. त्यामुळे काळजी पावसाळ्यातच सुरू झाली.

त्या जंगलात वेणूताई साळिंदर राहत. त्यांच्या मुलीचं नाव कुसळी. कुसळीला जमिनीखालचं वेड होतं. कुठल्या झाडाचं मूळ कुठे वळतं, कुणाच्या मुळाला जाऊन मिळतं, हे बघत ती दिवसचे दिवस माती उकरत बसे. विद्यापीठात मुळांचा एक विभाग होता. तिथे जायचं तिने फार मनावर घेतलं होतं.

शेजारी धोंडोपंत गवा राहत. त्यांच्या मुलाला, बलूला, फक्त चिखल हवा होता. पण तसं अर्जात लिहिता येत नाही, म्हणून धोंडोपंतांनी "मृदा आणि जल यांचा प्रत्यक्ष अनुभव" असं लिहिलं.

आणि पलीकडच्या बिळात सर्जेराव मुंगूस राहत. त्यांचा झिपऱ्या सकाळी सापाशी झुंजायच्या क्लासला जाई, दुपारी सापाशी मैत्री करायच्या क्लासला. त्याला स्वतःला काय हवं होतं हे कुणाला माहीत नव्हतं. सांगायला तो घरी सापडतच नसे.

थंडीच्या एका सकाळी निकाल लागला.

विद्यापीठाचा धनेश पक्षी आपल्या भल्यामोठ्या चोचीत पानं घेऊन घरोघर फिरला. हिरवं पान म्हणजे घेतलं. वाळकं पान म्हणजे नाही घेतलं. आणि पिवळं पान म्हणजे थांबा, पुढच्या फेरीत बघू.

ऊन वर यायच्या आत सगळे पालक पाणवठ्यावर हजर झाले. एरवी ते दुपारी येत. आज सगळ्यांना एकदमच तहान लागली.

"आम्ही काही तुलना करत नाही हं," वेणूताई लांबूनच म्हणाल्या. "प्रत्येक मूल वेगळं असतं."

"अगदी बरोबर," धोंडोपंत म्हणाले. "बलूला हिरवं आलं."

"अगं बाई! अभिनंदन!" वेणूताई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावरचा एकेक काटा उभा राहिला. आनंदाने असेल. साळिंदराचं सांगता येत नाही.

"झिपऱ्याला वाळकं आलं," सर्जेराव म्हणाले.

सगळ्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून बरंही वाटलं.

"पण सर्वांत आधी आलं," सर्जेराव पुढे म्हणाले. "धनेश सगळ्यांत पहिल्यांदा आमच्या बिळाशी उतरला. आता तुम्हीच सांगा, त्यांनी पहिला अर्ज कुणाचा वाचला?"

धोंडोपंतांची शेपटी हलायची थांबली. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तसं म्हणाल तर," वेणूताई म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या मुलांचं त्यांना चटकन कळलं. एकाला घ्यायचं, एकाला नाही. आमच्या कुसळीवर मात्र अजून विचार चालू आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला विचार करायला लावणं म्हणजे काय खाऊ आहे?"

"मग आमचं हिरवं?" धोंडोपंतांनी विचारलं.

"हिरव्याचं काय घेऊन बसलात," सर्जेराव म्हणाले. "तुमच्या एवढ्या देहासमोर नाही म्हणायची टेकडीवर कुणाची छाती आहे?"

धोंडोपंत मटकन खाली बसले. पाणवठ्यातलं पाणी काठाबाहेर गेलं. सकाळी घरातून निघताना त्यांच्याकडे जंगलातलं सर्वांत चांगलं पान होतं. आता ते अगदीच साधं झालं होतं.

"वेणूताई," ते काकुळतीने म्हणाले, "तुमचं पिवळं बदलून देता का?"

"इश्श! काहीतरीच!" म्हणत वेणूताईंनी पिवळं पान काट्यांत घट्ट खोचून टाकलं.

वाद काही मिटेना. शेवटी तिघांनी ठरवलं, थेट कुलगुरूंना विचारायचं.

विद्यापीठाचे कुलगुरू एक म्हातारे कासव होते. ते टेकडीवरच्या खडकावर ऊन खात पडले होते.

"गुरुजी," सर्जेराव म्हणाले, "तिघांत हुशार कोण, ते एकदाचं सांगून टाका."

"ते विद्यापीठाला कुठे माहीत असतं?" कुलगुरू म्हणाले. "आम्ही फक्त प्रवेश देतो."

"मग आम्ही सांगतो!" तिघे एकदम म्हणाले, आणि सुरू झाले.

"बलू जन्मला आणि लगेच उभा राहिला!"

"कुसळी डोळे उघडे ठेवूनच जन्मली. आल्या आल्या तिने दाईला ओळखलं!"

"झिपऱ्या तर पोटात असतानाच उड्या मारायचा! बाहेर आला तेव्हा दमलेला होता, म्हणून मागे वाटतो!"

"आमची कुसळी मनाने दूध सोडून कंदावर आली!"

"बलूने अजून सोडलं नाही! याला म्हणतात चिकाटी!"

"झिपऱ्या पडला तरी रडत नाही!"

"आमचा पडतच नाही! तो पडला तर जमीन रडते!"

आरडाओरडा ऐकून विभागाविभागांतून प्राध्यापक धावत आले आणि गोल करून उभे राहिले. तिघे थांबेनात. त्यांनी बलूच्या पोहण्याची तुलना झिपऱ्याच्या झोपेशी केली. कुसळीच्या शिंकेची बलूच्या अक्षराशी केली. मग मुलं संपली, तेव्हा त्यांनी आपापल्या आजोबांना बाहेर काढलं. धोंडोपंतांचे आजोबा वाघाला घाबरले नव्हते. सर्जेरावांच्या आजोबांना वाघ घाबरला होता. वेणूताईंच्या आजोबांच्या तर वाघ पायाच पडला होता. त्याच्या पंज्यात काटे रुतले होते म्हणून, पण ते वेणूताईंनी सांगितलं नाही.

कुलगुरूंनी मान कवचातून जितकी बाहेर येते तितकी बाहेर काढली होती.

"मी उभा जन्म तुलनेच्या अभ्यासात घालवला," ते भारावून म्हणाले. "दोन सारख्या वस्तू समोर असल्या तर मला तुलना जमते. या तिघांना वस्तूच लागत नाहीत! प्राध्यापकहो, आजपासून आपल्याकडे तुलनाशास्त्र विभाग सुरू. या तिघांना पहिल्या फेरीतच प्रवेश!"

"परीक्षा?" वेणूताईंनी घाबरून विचारलं.

"आत्ता झाली ती."

धनेशाने तिघांसमोर तीन ताजी हिरवी पानं ठेवली. तिघांना काय करावं सुचेना. सर्जेरावांनी जागच्या जागी कोलांटी मारली. धोंडोपंत नाचले आणि खडकाला तडा गेला. मग त्यांनीच तिन्ही पानं निरखून पाहिली आणि हळूच विचारलं, "माझं जरा मोठं आहे का हो?"

"बघितलंत?" कुलगुरू प्राध्यापकांना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण यांच्यासाठी जागा कुठून आणायच्या?" एका प्राध्यापकाने विचारलं.

"पुढच्या फेरीसाठी तीन राखल्यात ना, त्याच देऊन टाकू."

वेणूताईंच्या पाठीत खोचलेलं पिवळं पान सळसळलं.

त्या टेकडी उतरल्या तेव्हा दुपार कलली होती. कुसळी घराशेजारच्या उंबराखाली मातीत नाक खुपसून बसली होती.

"आई, काय म्हणाले गं कुलगुरू?"

"मला घेतलं," वेणूताई म्हणाल्या.

"कशात?"

"शिकायला." त्यांनी हिरवं पान पुढे केलं. मग त्यांचे सगळे काटे मिटून खाली बसले. "आणि पुढच्या फेरीतल्या जागा संपल्या, कुसळे. तुझी जागा मी घेतली. मी परत करते. उद्या सकाळीच जाऊन परत करते."

कुसळीला वाईट वाटलं, बाळांनो. खोटं कशाला सांगू? तिने नाकावरची माती झटकली. मग तिने आईकडे पाहिलं. वेणूताईंचं शिक्षण लग्नापायी सुटलं होतं. त्या ते कधी बोलत नसत, पण दुसऱ्यांच्या निकालांबद्दल सारखं बोलत. आता त्या ते पान दोन्ही पंज्यांत धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते कुसळीच्या कुठल्याही बक्षिसाने आजवर आलं नव्हतं.

"जा तू," कुसळी म्हणाली.

"आणि तुझी मुळं?"

"ती थोडीच टेकडीवर निघाली आहेत? इथेच आहेत सगळी."

साळिंदरांची मिठी अवघड असते. दोघींनी जपून, नाकाला नाक लावून ती मारली.

तिकडे धोंडोपंतांच्या घरी वेगळाच घोळ झाला.

"बलू, तुझ्याच वसतिगृहात खोली मिळाली बरं का मला," धोंडोपंत म्हणाले. "अगदी तुझ्या शेजारची!"

बलूने बाबांकडे पाहिलं. आपल्या हिरव्या पानाकडे पाहिलं. आणि ते खाऊन टाकलं.

झिपऱ्याने वडिलांचं सामान बांधून दिलं आणि निरोप द्यायला तो वेशीपर्यंत गेला. क्लासला कोण सोडणार, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सर्जेरावांच्या घाईमुळे, आणि झिपऱ्याच्या हुशारीमुळे.

पालक टेकडीवर गेले आणि जंगलात कधी नव्हे ती शांतता पसरली.

बलू चिखलात गेला तो संध्याकाळी जेवायलाच बाहेर आला. झिपऱ्या आधी कित्येक दिवस नुसता झोपला. मग एक दिवस उठून बसला आणि गायला लागला. आपल्याला गाता येतं हे त्यालाही तेव्हाच कळलं. आवाज काही गोड नव्हता. पण बरा की वाईट, हे सांगायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तो पोट भरेपर्यंत गायचा.

कुसळी उंबरापासून निघाली ती मूळ धरून माती उकरत उकरत पार नदीकाठच्या जांभळापाशी बाहेर आली. दोन्ही झाडांची मुळं खाली एकमेकांत गुंतली होती. तिला इतका आनंद झाला की ती चिखलात जाऊन बलूवरच नाचली. बलूला ते समजलंही नाही. त्याला वाटलं, पाखरू बसलं.

वर्ष सरत आलं. धनेश बातमी घेऊन आला. "तुमच्या पालकांचं शिक्षण पुरं होतंय! लवकरच कायमचे घरी येणार!"

झिपऱ्याचं गाणं मध्येच तुटलं. बलू चिखलातून आपणहून बाहेर आला. तिघं धावत टेकडी चढली.

कुलगुरू खडकावरच होते, पण फार दमलेले दिसत होते.

"आजोबा, आमच्या घरच्यांचं कसं काय चाललंय?" कुसळीने विचारलं.

"तिघेही वर्गात पहिले आले," कुलगुरू म्हणाले. "दुसरा नंबर काढून पाहिला एकदा. पुन्हा नाही काढणार. तुझी आई मात्र खरंच छान शिकते हो. काल तिने शिकवणाऱ्यांनाच दोन चुका दाखवल्या."

कुसळीची छाती फुगली. मग तिने मुद्द्याला हात घातला.

"आता पुढे शिकायला काही नाही का?"

"आहे ना. पीएचडी आहे."

"तिला किती वर्षं लागतात?"

"काय सांगू, बाळ," कुलगुरू म्हणाले. "आमच्याकडे अजून कुणाची संपलेली नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घ्या त्यांना!" तिघं एकदम ओरडली.

"तिघांनाही? पण आधी कुणाला घेऊ?"

"कुणालाही घ्या हो! फक्त ठेवून घ्या!" बलू म्हणाला.

कुसळी उतारापर्यंत गेली आणि परत मागे फिरली. "सणाला पाठवा मात्र," ती म्हणाली. "चार दिवस. मला तिची आठवण येते."

मग ती तिघं हसत, गडगडत, एकमेकांच्या अंगावर पडत टेकडी उतरून गेली. कोण पुढे होतं, कोण मागे, ते कुणी पाहिलं नाही.

तात्पर्य : मुलांच्या प्रवेशासाठी आईवडिलांनी जिवाचं रान जरूर करावं. फक्त अर्जावर नाव स्वतःचं घालावं.