अनधिकृत अज्ञान

साथ सुरू झाल्याच्या अकराव्या दिवशी नागरिकांच्या मनात भीती व अनिश्चितता असल्याचे वरिष्ठांच्या निदर्शनास आले. बाराव्या दिवशी त्यावर समिती बसली, तेराव्या दिवशी समिती उठली आणि चौदाव्या दिवशी ‘शंका निरसन कक्ष’ स्थापन झाला. मी तेव्हा वजनमापे खात्यात होतो. दुकानदारांचे तराजू तपासून शिक्के मारायचे, एवढंच माझं काम. दुकानंच बंद झाल्यावर माझी बदली या कक्षात झाली. पात्रता एकच लागत होती, ती म्हणजे माझा आवाज ऐकून कुणी दचकत नाही.

कक्ष भरायचा विवाह नोंदणीच्या हॉलमध्ये. लग्नं बंद होती, त्यामुळे हॉल मोकळाच होता. सहा टेबलं, सहा फोन, मधे प्लास्टिकचे पारदर्शक पडदे आणि प्रत्येक टेबलाला सुतळीने बांधलेली एक उत्तरपुस्तिका. पुस्तिकेत एकशे बारा प्रश्न व त्यांची एकशे बारा उत्तरं. एकशे तेरावा प्रश्न कुणी विचारलाच, तर तो एकशे बारांपैकी त्यातल्या त्यात जवळच्या प्रश्नात बसवायचा. आणि नियम क्रमांक चार, लाल शाईत: ‘मला माहीत नाही’ हे शब्द कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नयेत.

“विषाणू परवडला, पण अज्ञान नको,” साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. “विषाणू माणसाला धरतो. अज्ञान साहेबाला धरतं.”

फोन संपवताना आम्ही विचारायचो, “आता भीती वाटते का? वाटत असल्यास एक दाबा, नसल्यास दोन.” कुणी एक दाबलं की तेच उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. असं दोन दाबेपर्यंत. बहुतेक लोक तिसऱ्या वाचनाला निर्भय होत. एक बाई फार चिवट निघाल्या, त्यांना नऊ वाचनं लागली. आठवड्याभरात शहरातली भीती शून्य टक्क्यांवर आली आणि साहेबांचा सत्कार झाला, अर्थात दोन हात अंतर राखून, म्हणजे हार टेबलावर ठेवून.

अडचण एवढीच होती की पुस्तिका दिवसातून तीनदा बदलायची. सकाळच्या आवृत्तीत भाजी गरम पाण्याने धुवायची, दुपारच्या आवृत्तीत गार पाण्याने, आणि संध्याकाळी भाजीचा काही संबंधच नसायचा. एका आजोबांचा रोज फोन यायचा.

“अहो, तुम्हीच सकाळी सांगितलंत ना, वर्तमानपत्राला इस्त्री करून मग वाचा?”

“आजोबा, ती तेविसावी आवृत्ती. आता चोविसावी लागू आहे.”

“पण पेपर जळाला हो माझा!”

मी पानं उलटली. “जळालेल्या कागदावर विषाणू राहत नाही. पान सात. आता भीती वाटते का?”

“विषाणूची नाही वाटत,” आजोबा म्हणाले, “तुमची वाटते.” आणि त्यांनी दोन दाबलं. भला माणूस!

खोटं कशाला बोलू, मला हे काम आवडायला लागलं होतं. अख्खं जग चाचपडतंय आणि आपल्यापाशी मात्र छापील उत्तर आहे, या भावनेने छाती कशी फुगते ते बसून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या समोरच्या टेबलावर एक सहकारी होता, त्याला आम्ही ‘घोकंपट्टी’ म्हणायचो. त्याला एकशे बाराच्या एकशे बारा उत्तरं तोंडपाठ, तीही आवृत्तीनिहाय. मी त्याच्याशी चढाओढ करायचो. दोघंही मूर्ख, पण त्याचं पाठांतर चांगलं होतं.

आणि मग एका मंगळवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला सकाळपासून ताप होता, धाप लागली होती, आणि गाडी येऊन तिला घेऊन गेली. “कुठे नेलं?” मी विचारलं. “अरे, विचारलं मी. गाडीवाला म्हणाला, जागा मिळेल तिथे.”

घरी मी आणि आई, दोघंच. तिचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, तिथेच राहिला होता. मी एकामागून एक रुग्णालयांना फोन लावले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, इथे आणलं होतं, पण दुसरीकडे हलवलं. दुसऱ्यांनी सांगितलं, “आमच्याकडे जे आहेत त्यांची यादी आहे. जे नाहीत त्यांची नाही.” तिसऱ्या ठिकाणचा माणूस मात्र अतिशय सभ्य होता. तो म्हणाला, “अशा माहितीसाठी शासनाने खास कक्ष काढलाय. नंबर लिहून घेता का?”

मी नंबर लिहून घेतला. अहो, आमच्याच कक्षाचा नंबर, तरी लिहून घेतला! अशा वेळी माणसाचं डोकं चालत नाही.

आणि मी तो फिरवलाही. समोरच्या टेबलावरचा फोन वाजला आणि घोकंपट्टीने उचलला.

“नमस्कार, घाबरू नका. आपला प्रश्न?”

“अरे, मी आहे! आईला कुठे नेलंय ते कळत नाहीये.”

“आपलं वय?”

“वर बघ की लेका!”

त्याने वर पाहिलं. पडद्यातून आमची नजरानजर झाली. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगतो. मग त्याने मान खाली घातली आणि छतातल्या माइककडे बोट दाखवलं. संभाषण ध्वनिमुद्रित होत होतं. त्याच्याही घरी तीन माणसं खाणारी होती.

“प्रश्न क्रमांक अठ्ठ्याऐंशी,” तो म्हणाला. “माझा नातेवाईक कुठे आहे? उत्तर: आपला नातेवाईक योग्य ठिकाणी आहे.”

“योग्य ठिकाण म्हणजे कुठलं?”

“योग्य ठिकाणाची माहिती योग्य वेळी देण्यात येईल. आता भीती वाटते का?”

मी एक दाबलं. त्याने पुन्हा वाचलं. मी पुन्हा एक दाबलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज इतका हळुवार झाला, की खरंच सांगतो, मला बरं वाटलं. आई योग्य ठिकाणी आहे. छापलंय म्हणजे असणारच. मी दोन दाबलं, रिसीव्हर ठेवला आणि पुढच्याच क्षणी मला माझी अशी काही लाज वाटली की कान तापले.

मी साहेबांकडे रजा मागितली. साहेबांनी माझ्या फोनची नोंद काढून पाहिली. “आपल्याच कक्षाने तुमचं शंकानिरसन केलंय. तुम्ही दोन दाबलंय. मग आता रजा कशासाठी?”

दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. नवऱ्याला सोमवारी नेलं होतं, पत्ता नव्हता. अठ्ठ्याऐंशी नंबर माझ्या जिभेवर आला होता. पण मी म्हणालो, “ताई, मला माहीत नाही. माझ्या आईचाही पत्ता लागत नाहीये. तुमचा नंबर द्या, मी दोघांचीही चौकशी करतो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाई रडतायत. चला, अख्ख्या साथीत एक तरी खरं वाक्य बोललो.

“माहीत नाही?” बाई म्हणाल्या. “मग तिथे खुर्ची कशाला उबवताय? ज्याला माहीत आहे त्याला फोन द्या!”

मी निमूटपणे घोकंपट्टीला जोडून दिला. त्याने एकदाच वाचलं आणि बाईंनी दोन दाबलं.

तरीही मी मागे हटलो नाही. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला मी खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर एकशे चाळीस तक्रारी जमा झाल्या. इस्त्रीवाले आजोबासुद्धा त्यात होते. “निदान काहीतरी करायला तरी सांगायचं होतं,” असं त्यांचं म्हणणं. शहरातली भीती शून्यावरून एकतीस टक्क्यांवर गेली, आणि मला निलंबनाचं पत्र मिळालं. आरोप: साथीच्या काळात अनधिकृत अज्ञान पसरवणे.

एक मात्र झालं. निलंबित माणसाला रजा लागत नाही. मी पायी निघालो आणि एकेक इमारत पालथी घातली. तिसऱ्या दिवशी, एका कॉलेजच्या क्रीडागृहात, भिंतीकडच्या रांगेत आई सापडली. खिडकीच्या काचेतून दिसली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केस विस्कटलेले. मला बघून तिने हात वर केला आणि बोटांनी विचारलं, जेवलास का? मी ‘हो’ म्हणून मान हलवली. जेवलो नव्हतो.

दारात एक तरुण डॉक्टर भेटली. नाकावर चष्म्याचे वळ, डोळे लाल, भिंतीला टेकूनच उभी होती.

“आई बरी होईल ना?” मी विचारलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच सांगता येत नाही. उद्या कळेल, किंवा परवा.”

तिच्या पाया पडायला हवं होतं मी. अख्ख्या शहरात माझ्या जातकुळीचं एकच माणूस भेटलं होतं. पण माझा आवाज चढला. “माहीत नाही म्हणजे काय? तुम्ही डॉक्टर आहात ना? तुमचे वरिष्ठ कुठे आहेत?”

ती चिडली नाही. “काका,” ती म्हणाली, “खोटं सांगू का?”

मी क्षणभरही विचार केला नाही.

“सांगा,” मी म्हणालो.

“आई उत्तम आहे. चार दिवसांत घरी येईल.”

माझे खांदे सैल झाले. मी तिचे दोनदा आभार मानले आणि हलक्या पावलांनी फाटकाबाहेर पडलो. आणि तुम्ही? ती खोटं सांगतेय हे माझ्याइतकंच तुम्हालाही ठाऊक होतं, तरी तिचं उत्तर वाचून तुम्ही हुश्श केलंतच ना!