मशीनवाले मामा आणि नेटवरचा पेशकार

अनोळखी माणसाचा फोन मागताना लोक निदान काहीतरी कारण सांगतात. बॅटरी संपली, घरी कळवायचंय, वगैरे. आमचे मशीनवाले मामा सरळ हात पुढे करतात आणि म्हणतात, "जरा फोन द्या. पेशकारानं मला कुठं बसवलंय ते बघू."

समोरचा गोंधळतो आणि गोंधळाच्या भरात फोन देऊन मोकळा होतो. मग मामा दोरी बांधलेला चष्मा नाकावर चढवतात, एका बोटानं 'शिलाई मशीन दुरुस्ती औरंगपुरा' असं टाइप करतात आणि अंगठ्यानं पडदा सरकवत स्वतःला शोधायला लागतात. रिक्षावाल्याचा फोन झाला, दूधवाल्याचा झाला, दातांच्या डॉक्टरांचा तर तोंडात कापूस असताना खुणेनं मागून झाला. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेले आणि नवऱ्या मुलाकडेच फोन मागितला. मुलगा पुण्याचा होता, त्यामुळे पुण्याच्या फोनमध्ये आपण कसे दिसतो हे त्यांना बघायचं होतं. मागे आहेराची रांग खोळंबली. मामा तिसऱ्या पानावर सापडले, तेव्हा कुठे त्यांनी नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि खाली उतरले.

मामांचं खरं नाव रंगनाथ. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत ते एकटेच राहतात. मी वरच्या मजल्यावर राहते. लोकांच्या वेबसाइट शोधयंत्रात वर आणून देणं हा माझा धंदा. घरी बसून मी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं करते. एवढ्या मोठ्या शहरात मामांना नेमकी माझ्या पायाखालची जागा मिळावी, हे त्यांचं भाग्य की माझे भोग, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मामांचं दुकान पूर्वी औरंगपुऱ्यात मोठ्या रस्त्यावर होतं. मालकानं ती जुनी इमारत पाडायला काढली आणि मामांना आठवड्याभरात बिऱ्हाड हलवावं लागलं. ते मागच्या गल्लीत, म्हणजे आमच्या खाली आले. जुन्या जागेभोवती पत्रे लागले. मामांनी त्या पत्र्यांवर नव्या पत्त्याची पाटी बांधली. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी क्लासवाल्यानं त्यावर आपलं पोस्टर चिकटवलं. मामांनी ते फाडलं, त्यानं पुन्हा चिकटवलं, आणि क्लासवाल्याकडे पोरं जास्त असल्यामुळे मामा हरले.

यात अडचण अशी झाली की लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या नऊ मशिनी मामांबरोबर गल्लीत आल्या, आणि त्यांच्या मालकिणींना दुकान कुठे गेलं हेच कळेना. पावतीपुस्तक हलवाहलवीत हरवलं. दोघी-तिघींचे नंबर मामांकडे होते, ते लागेनात. मामांच्या जिवाला तेव्हापासून एकच घोर लागला, की या नऊ बायका पत्र्यासमोर उभं राहून आपल्याला चोर समजत असणार. त्या नऊजणींना आपण सापडलो पाहिजे, यापलीकडे त्यांना नेटकडून काही नको होतं.

वेबसाइट म्हणजे काय ते विचारायला मामा पहिल्यांदा वर आले, तेव्हा मी त्यांना जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. शोधयंत्र जगभरची पानं आधीच वाचून ठेवतं आणि कुणी काही विचारलं की त्यातलं सगळ्यात कामाचं वाटेल ते पान वर ठेवतं. मामांचे वडील तहसीलीत शिपाई होते. साहेबापुढे कुणाची फाइल आधी ठेवायची हे तिथला पेशकार ठरवायचा, हे मामांनी लहानपणापासून ऐकलेलं.

"म्हंजे पेशकार," ते म्हणाले.

मी इतकी वर्षं हे काम करते, पण गिऱ्हाइकाला एका शब्दात पटेल असं मला कधी सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की पेशकार खातो का. मी म्हटलं, सगळ्यात वरच्या जाहिरातींचे पैसे घेतो आणि तिथं तसं लिहितोही, पण खालच्या रांगेत पैसे चालत नाहीत. मामा थक्क झाले. खाल्लेलं लिहून ठेवणारा पेशकार त्यांच्या वडिलांनीही पाहिला नव्हता.

मी त्यांना साइट करून दिली. चारच दिवसांनी मामा पेढे घेऊन वर आले. आपण पहिल्या नंबरवर आहोत, म्हणाले. मी माझ्या फोनवर पाहिलं तर पाचव्या पानावर. झालं असं होतं, की मामा दिवसातून वीस वेळा स्वतःचंच पान उघडून बघत होते, आणि फोननं यांची आवड ओळखून त्यांना तेच वर दाखवायला सुरुवात केली होती. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. पेशकार तोंडदेखलं बोलतो, असा निष्कर्ष काढून ते खाली गेले आणि त्या दिवसापासून लोकांचे फोन मागायला लागले. पेढे मात्र परत नेले नाहीत.

पुढचं वर्षभर मी त्यांना शिकवत गेले आणि ते शिकलेलं आपल्या पद्धतीनं वापरत गेले. पानावर शहराचं नाव हवं म्हटलं, तर त्यांनी जुनं आणि नवं दोन्ही घातली. नव्या नावानं कुणी आलं नाही, जुन्या नावानं बिहारमधून फोन यायला लागले, कारण औरंगाबाद तिकडेही एक आहे. एका बिहारी टेलरला मामांनी आपल्या हिंदीत बस स्टँडपासूनचा रस्ता सांगितला. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि दहा मिनिटांनी दोघांच्या लक्षात आलं की मध्ये दोन राज्यं आहेत. तरी मामांनी फोन ठेवला नाही. मशीन फोनजवळ घेऊन चालवायला लावली, आवाजावरून शटल बिघडलंय हे ओळखलं आणि तिथल्या तिथे त्याच्याकडून दुरुस्त करून घेतली. त्या टेलरचा दिवाळीला अजून फोन येतो.

इतर साइटनी आपलं नाव घेतलं तर आपलं वजन वाढतं, हेही मी एकदा बोलून गेले. मामांच्या भाच्याचं वेरूळला छोटं हॉटेल आहे आणि त्याची साइट आहे. मामांनी भाच्याला बसवून घेतलं. आता त्या साइटवर लेण्यांचे फोटो, नाश्त्याची वेळ आणि त्याखाली 'परतीच्या वाटेवर शिलाई मशीन दुरुस्तीची उत्तम सोय' असं आहे. लेणी बघायला मशीन घेऊन कोण येतं, असं मी विचारलं. मामा म्हणाले, मशीन नाय आणत, पण घरी मशीन असतीच ना.

गिऱ्हाइकं नेटवर तारे देतात, त्यांच्या बाबतीत तर मी हात टेकले. एका बाईनं त्यांना पाच तारे दिले, तर मामांनी तिला फोन करून एक कमी करायला लावला. तिच्या मशिनीचा पट्टा थोडा वाजत होता, तो बदलून दिल्यावरच पाचवा तारा घेईन म्हणाले. तो पट्टा मिळायला दोन महिने लागले. तेवढे दोन महिने मामा चार ताऱ्यांवर राहिले.

आमचं खरं भांडण झालं ते त्या नऊ मशिनींवरून. मामांनी प्रत्येक मशिनीचं वेगळं पान लिहिलं होतं, तेही बोलतात तसंच. नमुन्याला एक देते: 'सिल्लोडच्या बाई. हिरव्या पिशवीत हातमशीन आणली व्हती. संगं मुलगी व्हती, दहावीची. टाका मधीच सुटतो अशी तक्रार. औरंगपुऱ्यातल्या मशीनवाल्या मामाचं दुकान कुठं गेलं म्हणत असाल तर दुकान गेलं नाय, मागच्या गल्लीत आलंय. मशीन तयार आहे.' अशी नऊ पानं. एकीचं वर्णन 'लई घाईच्या बाई' एवढंच होतं, कारण मामांना तेवढंच आठवत होतं.

मी म्हटलं, मामा, असं कुणी शोधत नाही. लोक 'शिलाई मशीन सर्व्हिस' असं टाकतात. ही पानं काढा, सगळ्या कंपन्यांची नावं घाला, घरपोच सेवा घाला, नवीन गिऱ्हाईक येईल. मामा म्हणाले, नवीन माणूस काय, येईल न येईल, त्याचं माझ्याकडं काय अडलंय. मी जरा चढ्या आवाजात धंद्याचे चार नियम सांगितले. मामांनी ते सगळे मान हलवत ऐकले आणि पानं तशीच ठेवली. मला राग आला होता, हे कबूल करते. फुकटचा सल्लाही कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणसाला जरा जास्तच राग येतो.

नऊपैकी आठ मशिनी हळूहळू गेल्या. कुणी विचारत विचारत आलं, कुणी मामांना बाजारात धरलं, लई घाईच्या बाई दीड वर्षानं उगवल्या आणि पाच मिनिटंसुद्धा थांबल्या नाहीत. सिल्लोडची तेवढी राहिली. दर सोमवारी मामा माळ्यावरून ती खाली काढत, तेल देत, रिकाम्या कापडावर चार टाके मारत आणि परत वर ठेवत.

आणि एका दुपारी सिल्लोडच्या बाई आल्या. मी तेव्हा खालीच होते. आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. दोन वेळा येऊन पत्रे बघून गेलो, एसटीचे हेलपाटे झाले, असं त्यांनी दारातूनच सुरू केलं. मामांनी माळ्यावरून मशीन काढली, टेबलावर ठेवली, सुईत दोरा ओवला आणि कापड पुढे केलं. बाईंनी बोलता बोलता चाक फिरवलं. दोन हात शिवण झाली आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी टाका उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीतून मामांसाठी आणलेल्या मक्याच्या लाह्या काढल्या. म्हणजे भांडायला येतानाही लाह्या घेऊन आल्या होत्या.

संगं मुलगी होती, आता कॉलेजात जाणारी. मी तिला विचारलं, पत्ता कसा लागला? ती म्हणाली, "आई नेहमीसारखी मामांच्या नावानं बोलत व्हती. म्या बोलून शोधायचं बटण दाबलं आन् तिच्यापुढं फोन धरला. मशीनवाल्या मामाचं दुकान कुठं गेलं, हिरव्या पिशवीत हातमशीन दिली व्हती, असं ती म्हणली आन् मामांचं पानच वर आलं. पहिलंच."

हिरवी पिशवी आणि हातमशीन हे दोन्ही ज्यात आहे असं पान जगात ते एकच असणार. पेशकारानं दुसरं कुठलं वर ठेवायचं? माणसं बोलतात तसं लिहा, हे मी कंपन्यांना पैसे घेऊन शिकवते, आणि ज्यानं खरोखर तसं लिहिलं त्याच्यावर मी डाफरले होते. मला मनापासून लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला. त्या दोघी गेल्यावर मी मामांना तसं सांगितलंही. अभिनंदन केलं, पहिला नंबर दाखवायला माझा फोनही पुढे केला.

मामांनी फोन घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर मामांनी कुणाचाच फोन मागितला नाही. दूधवाल्यानं आपणहून काढून दिला तरी नको म्हणाले. सोमवारी मी खाली डोकावले तर तेलाची कुपी टेबलावर होती आणि मामा रिकाम्या माळ्याकडे बघत बसले होते. तब्येत बरी आहे ना, विचारलं.

"तब्येतीला काय व्हतंय," मामा म्हणाले. मग तेलाची कुपी बाजूला सारत म्हणाले, "ताई, मशीन पडून व्हती तवर कुणीतरी यायचं बाकी व्हतं. आता कोण येणार हाय?"

दोन वर्षं मी त्यांच्यावर हसत होते, त्यांचे किस्से माझ्या गिऱ्हाइकांना सांगून त्यांनाही हसवत होते, आणि माझ्या पायाखाली एक माणूस नऊ बायकांच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, हे मला कधी दिसलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

माझ्या लग्नात आईनं मला एक हातमशीन दिली आहे. मी तिच्यावर आजवर साधा रुमाल शिवलेला नाही, तिच्या पेटीवर माझी लॅपटॉपची बॅग असते. ती बॅग काढली, पेटी उचलली आणि धापा टाकत खाली नेऊन मामांच्या टेबलावर ठेवली.

काय झालंय, मामांनी विचारलं. मी म्हटलं, आवाज येतो. मामांनी चाक फिरवलं. मशीन लोण्यासारखी चालली. त्यांनी पुन्हा फिरवलं, कान लावून ऐकलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत होते. घाई नाही म्हटलं आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं त्यांची साइट उघडली तर एक नवं पान होतं:

'वरच्या मजल्यावरच्या ताई. हातमशीन, पेटीसहित. आवाज येतो अशी तक्रार. आवाज काय सापडत नाय, तपास चालू आहे. लई दिवस लागतील. ताईंनी मधून मधून येऊन चौकशी करत जावी. चहा पाच वाजता असतो.'