पासवर्डचं बारसं

भटू पाटलाला मुलगी झाली धुळ्याला, आणि भटू अडकला जळगावात. कारण त्याचे साहेब. पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांत धनसिंगसर कॉम्प्युटरचा व्यवसाय करत. जिनिंगवाल्यांना, व्यापाऱ्यांना बिलांचे प्रोग्राम लिहून देत. एकाने दुरुस्त केलेला प्रोग्राम दुसऱ्याने मोडायचा, हा तिथला रोजचा कार्यक्रम. म्हणून सरांनी पुण्याहून एक नवं सॉफ्टवेअर आणलं. प्रोग्रामच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या ते सांभाळणार, आणि एकाने फाइल काढून घेतली की तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्याला तिला हात लावू देणार नाही.

"हे बसवून दे, आणि मग खुशाल जा धुळ्याला," सर म्हणाले.

बसवून दे म्हणे! आधी एक फ्लॉपी वाचली जाईना, मग लाइट गेली, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिकडून बायकोचा, रत्नाचा, निरोप आला, "नाक तुमच्यासारखं आहे." भटूचा जीव नुसता तुटत होता. जिचं नाक आपल्यासारखं, ती पोर आपण अजून पाहिलेलीच नाही!

बारशाच्या दिवशी सकाळी ते सॉफ्टवेअर एकदाचं बसलं आणि त्याने पासवर्ड मागितला. भटूने बेधडक 'मेघना' टाकलं, इंग्रजी अक्षरांत. लेकीसाठी हे नाव त्याने मनातल्या मनात ठरवलं होतं. मनातल्या मनातच, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तिने पाळण्यात नाव ठेवेपर्यंत बापाने तोंड उघडायचं नाही. नीट चालतंय का बघायला त्याने बिलाची फाइल स्वतःच्या नावावर काढली, चालतंय म्हणून खूश झाला आणि एसटी पकडायला धावला. फाइल परत ठेवायची राहिली ती राहिलीच.

धुळ्याला सासुरवाडीचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. रत्नाने दुपट्यातली लेक पुढे केली. भटूने हात पसरले, तोच शेजारच्या भागाबाई दारात उभ्या.

"ओ पाव्हणा, जळगावना फोन शे! पटकन या!"

गल्लीत फोन एकच, भागाबाईंचा. त्यामुळे त्यावर आलेला फोन सगळ्या गल्लीचा. भटूच्या मागोमाग सासरे आले, मेहुणे आले, आणि चोपड्याहून आलेली त्याची थोरली बहीण, कमलअक्काही आली.

"अरे, बिलाची फाइल तुझ्या नावावर अडकलीय!" सर पलीकडून ओरडत होते. "गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय. पासवर्ड सांग!"

"सर, संध्याकाळी सांगितला तर?"

"आत्ता सांगतोस, की पुढची गाडी धरून येतोस?"

लेकीला अजून हातातसुद्धा घेतलं नव्हतं. भटूने युक्ती काढली. नुसती अक्षरं सांगू, इथे कुणाला काय कळतंय! लाइन इतकी खराब, की त्याला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं. "एम! ई! जी! एच! एन! ए!"

युक्ती वाईट नव्हती. फक्त कमलअक्का चोपड्याच्या तार ऑफिसात नोकरीला होती, आणि सुट्या अक्षरांतून लोकांची सुखदुःखं जुळवण्यात तिची हयात गेली होती.

"मेघना," अक्का म्हणाली. चिडली की ती घरच्या बोलीवर येई. "भटू, हाई पोरनं नाव शे का?"

भटूने फोन खाली ठेवला.

"मंग मी चोपडाथून कसाले उनू आठे? घुगऱ्या खावाले?"

"अक्का, अगं, मी फक्त कॉम्प्युटरला सांगितलं होतं."

"तुना कॉम्प्युटर पोरनी आत्या शे का?"

अक्का तरातरा निघून गेली. भटू घरी पोचण्याआधी बातमी पोचली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. रत्ना वेगळ्याच कारणाने फुगली होती.

"सांगायला कॉम्प्युटरच सापडला? मी होते ना!" मग ती हळूच म्हणाली, "अक्कांनी निर्मला ठरवलंय. लग्न झाल्यापासून जपलंय हो त्यांनी ते नाव. स्वतःच्या मुलीसाठी."

अक्काच्या घरी पाळणा कधी हललाच नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. अक्का मागच्या दारी पाळण्यासाठी फुलं ओवत बसली होती. तो तिच्याजवळ गेला.

"अक्का, तुझंच नाव ठेव. माझं जाऊ दे."

"डोळे पूस आधी. पाव्हणा काय म्हणतीन?"

संध्याकाळी अक्का पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून तयार. पण अक्का वाकली ती वाकलीच. बायकांचे हात भरून आले. शेवटी ती सरळ झाली आणि खणखणीत म्हणाली, "मेघना!"

कुर्रर्र करून सगळ्या तुटून पडल्या. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अवं, जरा हळू मारा!" ती म्हणत राहिली, आणि बायकांना ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भटू जळगावात हजर. रत्ना आणि पोर एवढ्यात येणार नव्हत्या. हातांना अजून दुपट्याची ऊब आठवत होती.

"सगळ्या धुळ्याला माहीत झालाय तुझा पासवर्ड," सर डाफरले. "आधी तो बदल."

भटूने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या.

"विसरणार नाहीस ना?"

"नाही सर. घरातलंच नाव आहे."

"कुणाचं?"

"माझ्या भाचीचं," भटू म्हणाला.